ढोबळ कर्ज, निव्वळ कर्ज: नक्की वजा काय करायचं?

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. राज्यसेवेच्या अभ्यासिकेत दर फेब्रुवारीत हाच वाद पेटतो, म्हणून धागा काढतोय. २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राचं कर्ज जीडीपीच्या ५७.१ टक्के दाखवलं (२०२४-२५ चा सुधारित अंदाज) आणि ३१ मार्च २०३१ पर्यंत ते ५० टक्क्यांच्या आसपास, एक टक्का इकडे-तिकडे, आणायचं ठरवलं. आयएमएफच्या तक्त्यात मात्र भारतापुढे ८० च्या वरचा आकडा. एक पोरगा म्हणतो दोन्ही बरोबर, दुसरा म्हणतो सरकार लपवतंय. तिसरा त्याहून पुढचा: "सरकारकडे एवढ्या कंपन्यांचे शेअर आहेत, परकीय चलनाची गंगाजळी आहे, ते वजा करा, निव्वळ कर्ज उरतंच कुठे?" आणि चौथ्याचा नेहमीचा विनोद, की नोटा आपल्या नाशिकच्या जेलरोडलाच छापतात, मग अडलंय कुठे!

जाणकारांनी पायऱ्या लावून सांगावं. कुठल्या कागदातून कुठला आकडा उचलायचा, तेही.

लेखाशीर्ष

पहिला पोरगा बरोबर आहे. ५७ हे एकट्या केंद्राचं, ८० च्या वरचं हे केंद्र आणि राज्यं मिळून. दोन वेगळी घरं आहेत ती.

वजाबाकी सगळ्यात शेवटी करायची. त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: कुणाचं कर्ज, कशाला कर्ज म्हणायचं, आणि कुठल्या किमतीने मांडायचं. हे न ठरवता दिलेला "निव्वळ कर्ज" हा आकडा वाचूच नये.

कशाला कर्ज म्हणायचं याची आयएमएफची यादी सहा प्रकारांची आहे: एसडीआर (आयएमएफचं राखीव चलन-एकक), चलन आणि ठेवी, रोखे, कर्जं, विमा-पेन्शन-प्रमाणित हमी योजनांची देणी, आणि इतर देणी (पुरवठादारांची थकलेली बिलं यातच येतात). शेअर भांडवल आणि डेरिव्हेटिव्ह यात नाहीत. ढोबळ कर्ज म्हणजे या सहा प्रकारांतली सगळी देणी. निव्वळ कर्ज म्हणजे त्यातून याच सहा प्रकारांतली येणी वजा. म्हणजे बँकेतली रोकड वजा होते, दिलेलं कर्ज वजा होतं, पण सरकारी कंपनीचा शेअर वजा होत नाही. तिसऱ्या पोराचे अर्धे मार्क इथेच गेले.

युरोपीय संघाच्या ६० टक्के मर्यादेसाठी यादी आणखी आखूड आहे: फक्त चलन-ठेवी, रोखे आणि कर्जं, तीही दर्शनी किमतीने (कागदावर लिहिलेल्या रकमेने, बाजारभावाने नाही). थकलेली बिलं त्यात येत नाहीत. एकाच देशाचा एकाच वर्षाचा आकडा व्याख्या बदलून ४० टक्क्यांपासून १०० च्या पुढे जाऊ शकतो, हे आयएमएफच्याच लोकांनी दाखवलेलं आहे.

सराफबाजार

लेखाशीर्ष यांचा तिसरा मुद्दा, किमतीचा, आमच्या गल्लीतल्या मालावरून सांगतो. सार्वभौम सुवर्ण रोख्यांची पहिली मालिका नोव्हेंबर २०१५ मध्ये आली. ग्रॅमला २,६८४ रुपये. नोव्हेंबर २०२३ मध्ये परतफेड झाली ग्रॅमला ६,१३२ रुपयांनी. वर व्याज वेगळंच.

आता ३१ मार्च २०२३ ला या रोख्याचं देणं किती धरायचं? जारी किमतीने मांडलं तर २,६८४. पण सरकारने वचन दिलंय ते सोन्याच्या भावाचं, रुपयांचं नाही. त्या दिवशी हिशेब मिटवायचा झाला तर दुपटीपेक्षा जास्त मोजावे लागले असते. सोनं चढतं तसं देणं रोज चढतं, आणि जारी किमतीच्या हिशेबात ते फेडीच्या दिवशी एकदम उघडं पडतं.

लेखाशीर्ष

उत्तम उदाहरण. परदेशी कर्जाचं तेच. येनमध्ये किंवा डॉलरमध्ये घेतलेलं कर्ज ज्या दिवशी आलं त्या दिवशीच्या दराने वह्यांत बसतं आणि रुपया घसरला तरी तिथेच राहतं. म्हणून एफआरबीएम कायद्यात (तूट आणि कर्जाला लगाम घालणारा केंद्राचा कायदा) २०१८ च्या दुरुस्तीने केंद्राच्या कर्जाची जी व्याख्या आली, तिच्यात स्पष्ट लिहिलंय: परदेशी कर्ज चालू विनिमय दराने. त्याच व्याख्येत संचित निधीवरची (सरकारच्या मुख्य तिजोरीवरची) देणी, लोकलेख्यातली (सरकार लोकांचा म्हणून सांभाळतं त्या पैशाची) देणी, आणि सरकारी मालकीच्या संस्थांची जी देणी सरकार स्वतःच्या अर्थसंकल्पातून फेडणार ती, असं सगळं धरून शेवटी त्या दिवशीची रोकड शिल्लक वजा करायला सांगितलंय. म्हणजे आपल्या कायद्यातलं "कर्ज" हे पूर्ण ढोबळही नाही आणि पूर्ण निव्वळही नाही. परीक्षेत कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं.

दर्शनी किमतीतही एक गंमत आहे. ६ टक्के व्याजाचा १०० रुपयांचा जुना रोखा बाजारात ९२ ला चालला आहे समजा. सरकारने तो परत घेऊन त्याबदल्यात ९२ रुपये दर्शनी किमतीचा, जास्त व्याजाचा नवा रोखा दिला. दर्शनी कर्ज ८ ने उतरलं. बाजारभावाने काहीही बदललं नाही, पुढे व्याज मात्र जास्त. उलटही होतं. अदलाबदलीचे असे व्यवहार चालू असताना दर्शनी आकड्यातला लहानसा चढउतार बघून निष्कर्ष काढू नका.

कांदाचाळ

थकलेल्या बिलांबद्दल थोडं. लासलगावात उधारीवर कांदा उचलला तर वहीत त्याच दिवशी देणं लागतं. सरकारी हिशेब मात्र रोखीवर चालतात: पैसे गेले की खर्च. त्यामुळे कंत्राटदाराचं बिल मंजूर होऊन पडून असेल तर तूट दिसत नाही, कर्जही दिसत नाही. ३१ मार्चला बिलं अडवून १ एप्रिलला सोडली की वर्षअखेरचा आकडा गोरागोमटा. आयएमएफच्या यादीने ते पकडायला हवं, पण मूळ वहीतच नोंद नसेल तर यादी काय करणार?

अवांतर: जुन्या पेन्शनचंही असंच. कर्मचाऱ्याचा जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) लोकलेख्यात असतो, तो कर्जात धरला जातो. त्याच कर्मचाऱ्याला निवृत्तीनंतर द्यायच्या पेन्शनचं आजचं मूल्य आपल्याकडे कुठेच नाही. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या भरतीला एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) लावली. तिथे पैसा निधी व्यवस्थापकाकडे जातो, सरकारच्या अंगावर राहत नाही. म्हणून पेन्शन पद्धत बदलली की कर्जाचा दिसणारा आकडा आणि खरं ओझं यांची दिशा वेगळी होऊ शकते.

देवळालीकॅम्प

परकीय गंगाजळीचा मुद्दा राहिला. भारतात ती रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात आहे, सरकारच्या नाही. केंद्र-राज्यांच्या कर्जातून ती वजा करणं म्हणजे शेजाऱ्याच्या एफडीवर आपलं गृहकर्ज कमी झालं म्हणण्यासारखं. शेजारी आपलाच भाऊ असला तरी.

ब्रिटनमध्ये गंगाजळी अर्थखात्याच्या खात्यात असते, तिथे ती वजा होते. जपानची मोठी गंगाजळीही अर्थमंत्रालयाच्या विशेष खात्यात आहे, आणि ती विकत घेण्यासाठी सरकारने अल्पमुदतीची बिलं काढलेली आहेत. त्यामुळे जपानचं ढोबळ कर्ज फुगलेलं दिसतं, समोर तेवढे डॉलर असतात, निव्वळ खूप खाली येतं. दोन देशांची ढोबळ कर्जं शेजारी ठेवून "बघा जपान!" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. नॉर्वेचं ढोबळ कर्ज आहेच, पण तेलाच्या पैशाच्या निधीमुळे निव्वळ आकडा शून्याच्या बराच खाली जातो.

पंचवटीकर

मग रिझर्व्ह बँकही सरकारचीच. तिला आत घेतलं तर?

देवळालीकॅम्प

घ्या की, पण पूर्ण घ्या. रिझर्व्ह बँकेकडचे सरकारी रोखे कटतील, गंगाजळी येण्यात येईल, आणि त्याच क्षणी चलनातल्या सगळ्या नोटा आणि बँकांच्या तिच्याकडच्या ठेवी देण्यात येतील. लोक पहिली दोन पावलं टाकतात आणि तिसरं विसरतात. केंद्रीय बँकेने रोखे घेतले की देणं संपत नाही. ७ टक्क्यांच्या दीर्घ रोख्याचं रूपांतर नोटांत आणि ठेवींत होतं.

जेलरोडच्या विनोदाचं उत्तरही यातच आहे. करन्सी नोट प्रेस नोट छापते, देणं रिझर्व्ह बँकेचं. अपवाद एक रुपयाच्या नोटेचा. तिच्यावर "भारत सरकार" असतं आणि वित्त सचिवाची सही. ती आणि नाणी सरकारची. आयएमएफच्या चौकटीत नाणी काढणाऱ्याच्या देण्यात जातात. रक्कम चिल्लर, शब्दशः.

लेखाशीर्ष

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तिथे येतो. एकत्रीकरण आणि वजावट या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एकत्रीकरणात घरातल्या घरात असलेलं देणं-येणं काढून टाकायचं, ते ढोबळ आकड्यातूनच जातं. वजावटीत घराबाहेरच्यांकडून येणं आहे ते कमी करायचं, ते फक्त निव्वळमध्ये.

अमेरिकेचा "जनतेकडे असलेलं कर्ज" हा आकडा बरेच जण निव्वळ कर्ज म्हणून छापतात. तो एकत्रीकरणाचा आकडा आहे. सोशल सिक्युरिटीसारख्या सरकारी निधींकडचे रोखे त्यातून काढलेले असतात, पण सरकारने विद्यार्थ्यांना दिलेली कर्जं वजा नसतात. फेडरल रिझर्व्हकडचे रोखे मात्र "जनतेकडे" यात धरलेले.

आपल्याकडची मांडणी आकड्यांनी करू. आकडे काल्पनिक, समजण्यापुरते, लाख कोटींत.

केंद्र: बाजारातले रोखे १००. ट्रेझरी बिलं १०, त्यातली २ राज्यांकडची १४ दिवसांची बिलं. लोकलेख्यातली अल्पबचत आणि भविष्य निर्वाह निधी मिळून २०. परदेशी कर्ज वहीतल्या दराने ५. एमएसएस (बाजार स्थिरीकरण योजना, खाली सांगतो) १. बेरीज १३६.

परदेशी कर्ज आजच्या दराने ८ होतं, म्हणून ३ वाढवा: १३९.

एमएसएस म्हणजे बाजारातली जादा रोकड शोषून घेण्यासाठी काढलेले रोखे. ही योजना २००४ पासून आहे. पैसा रिझर्व्ह बँकेत वेगळा ठेवतात, सरकार खर्च करू शकत नाही. नोटबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये याची मर्यादा ३०,००० कोटींवरून थेट ६ लाख कोटींवर नेली होती. त्या आठवड्यांचं ढोबळ कर्ज बघून कुणी घाबरलं असतं, तर निष्कारण. अर्थमंत्रालयाच्या कर्जविषयक स्टेटस पेपरमध्ये ही रक्कम काढून टाकतात: १३८.

अल्पबचत निधीने पोस्टातला पैसा राज्यांच्या खास रोख्यांत घातला असेल, समजा ३, तर तो केंद्राने वापरलेला नाही. तोही काढतात: १३५.

राज्यं: विकास कर्जरोखे (राज्यांचे बाजारातले रोखे) ६०, अल्पबचत निधीला द्यायचे ३, केंद्राचं कर्ज ६, भविष्य निर्वाह निधी आणि ठेवी ११. बेरीज ८०.

दोन्ही मिळून २१५. आता घरातलं काढा: केंद्राने राज्यांना दिलेलं कर्ज ६, राज्यांची १४ दिवसांची बिलं २, आणि राज्यांच्या कर्जफेड निधीने केंद्राच्या रोख्यांत गुंतवलेले २. एकत्रित ढोबळ कर्ज २०५.

बाहेरची येणी: केंद्राची रोकड ३, राज्यांची १, सार्वजनिक उद्योगांना आणि परदेशी सरकारांना दिलेलं कर्ज ४. निव्वळ १९७. सरकारी कंपन्यांचे शेअर २५ चे असोत की ५०, शिवायचे नाहीत.

सातपूर_एमआयडीसी

माझं उत्तर १९४ येतंय. अल्पबचतीचे ३ हेही केंद्र-राज्यांमधलंच देणं ना? घरातलं म्हणून काढलं, तर ढोबळ २०२.

लेखाशीर्ष

हीच ती चूक, आणि चांगल्या अहवालांतही सापडते. ते ३ केंद्राच्या बाजूने आधीच काढलेत, १३८ वरून १३५ केले तेव्हा. राज्यांच्या ८० मध्ये ठेवलेत ते पोस्टाच्या ठेवीदाराचं देणं एकदा तरी दिसावं म्हणून. परत काढले तर पासबुकवाला ठेवीदार हिशेबातून गायबच. केंद्राचा आकडा कुठून घेतला यावर हे अवलंबून आहे: अर्थसंकल्पाच्या प्राप्तींच्या पुस्तकातल्या दायित्वांच्या विवरणातून न सुधारलेला घेतलात तर एकत्रीकरणात ३ काढा, स्टेटस पेपरमधला सुधारलेला घेतलात तर काढू नका.

पडताळा सोपा आहे. निव्वळ कर्जाची बेरीज जुळते, ढोबळची जुळत नाही. प्रत्येकाचं सुटं निव्वळ काढा. केंद्र: १३५ − रोकड ३ − बाहेरची कर्जं ४ − राज्यांकडून येणं ६ = १२२. राज्यं: ८० − रोकड १ − बिलं २ − कर्जफेड निधीतले रोखे २ = ७५. एकूण १९७. तुमचं १९४ इथे अडकतं.

सातपूर_एमआयडीसी

पटलं. त्याआधीच्या हिशेबात मी राज्यांची १४ दिवसांची बिलं रोकडीतही धरून बसलो होतो, या पडताळ्याने तीही चूक पकडली गेली असती.

लेखाशीर्ष

हो, राज्यांची दिवसअखेरची शिल्लक आपोआप त्या बिलांत जाते, म्हणून ती "रोकड"च वाटते. एकाच ठिकाणी धरा.

गोदाताई

आकड्यांच्या पलीकडचं एक विचारते. बँकांना भांडवल द्यायला सरकारने रोखे काढले, २०१७ च्या ऑक्टोबरात १.३५ लाख कोटींचे जाहीर झाले, त्यात रोख तर काहीच हललं नव्हतं. बँकेने तेच पैसे रोख्यांत घातले. हे कर्ज धरायचं का?

देवळालीकॅम्प

ताई, धरायचंच. सरकारने रोखा दिला, बदल्यात शेअर घेतले. ढोबळ वाढलं. शेअर वजा होत नाहीत, त्यामुळे निव्वळही तेवढंच वाढलं. याच जागी बँकेला शेअरऐवजी कर्ज दिलं असतं तर ढोबळ वाढून निव्वळ स्थिर राहिलं असतं. म्हणून काही सरकारं मदतीला "कर्ज" हे नाव देण्यासाठी धडपडतात. ते कर्ज परत येणार नसेल तर निव्वळ आकडा खोटं बोलतो. येणी दर्शनी किमतीने नाही, वसुलीच्या अंदाजाने मांडली पाहिजेत.

ब्रिटनमध्ये हाच वाद आहे. त्यांच्या जुन्या निव्वळ मापात फक्त चटकन मोकळी होणारी मालमत्ता वजा व्हायची, विद्यार्थ्यांना दिलेली कर्जं नाहीत. ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री राचेल रीव्हज यांनी नियम दुसऱ्या मापावर नेला, त्यात ती कर्जंही वजा होतात. रातोरात कर्ज घेण्याची जागा वाढली. पौंडभरही फेडलं नव्हतं.

कांदाचाळ

+१. आणि अर्थसंकल्पाबाहेरचं? अन्न महामंडळाने अल्पबचत निधीकडून कर्ज घेऊन अनुदानाचा खड्डा बुजवायचा, हा प्रकार २०२१ च्या अर्थसंकल्पात थांबवला. तोवर ते केंद्राच्या तुटीत दिसत नव्हतं.

लेखाशीर्ष

कसोटी एकच: फेड कोण करतं? महामंडळ स्वतःच्या उत्पन्नातून फेडत असेल आणि सरकारने नुसती हमी दिली असेल, तर ते संभाव्य देणं, कर्जाबाहेर, तळटीपेत. (केंद्राला नवी हमी वर्षाला जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याच्या आतच देता येते.) मुद्दल-व्याज अर्थसंकल्पातून जात असेल तर कर्ज सरकारचंच, रोख्यावर नाव कुणाचंही असो. राज्यांच्या संस्थांची अशी कर्जं २०२२ पासून केंद्र त्यांच्या कर्जमर्यादेत धरू लागलं, त्यावरून भांडणंही झाली.

जीएसटी भरपाईचं कर्ज उलट्या बाजूने फसवायचं. २०२०-२१ मध्ये १.१० लाख कोटी आणि २०२१-२२ मध्ये १.५९ लाख कोटी केंद्राने उचलून जसंच्या तसं राज्यांना दिलं. केंद्राच्या वहीत देणं, राज्यांच्या वहीतही देणं, आणि फेड उपकरातून. एकत्रीकरण न करता बेरीज केली असती तर २.६९ लाख कोटी दोनदा मोजले गेले असते.

आणि भागाकार विसरू नका. वर कर्ज ३१ मार्चचं, खाली पूर्ण वर्षाचा जीडीपी, चालू किमतींचा. स्थिर किमतींचा घेतला की टक्केवारी भलतीच. तिमाहीचा आकडा हवा असेल तर मागच्या चार तिमाहींची बेरीज घ्या, एका तिमाहीला चारने गुणू नका. आपल्याकडे हंगाम फार बोलतो. जीडीपीचं पायाभूत वर्ष बदललं तर जुनी टक्केवारीही नव्या मालिकेवर पुन्हा काढावी लागते.

पंचवटीकर

भरभरून मिळालं. शेवटचं: महापालिकेने कुंभमेळ्याच्या कामांसाठी रोखे काढले तर ते यात कुठे?

लेखाशीर्ष

आयएमएफच्या व्याख्येत स्थानिक संस्था सरकारच्या आत आहेत, तेव्हा हो. एफआरबीएमच्या "सर्वसाधारण सरकार" मध्ये केंद्र आणि राज्यंच, तेव्हा नाही. राज्याने महापालिकेला दिलेलं कर्ज पहिल्या चौकटीत घरातलं म्हणून कटतं, दुसरीत राज्याचं बाहेरचं येणं म्हणून वजा होतं.

समजा ३१ मार्चला २०० कोटी खात्यात जमा झाले. त्या संध्याकाळी ढोबळ कर्ज २०० ने चढलं, निव्वळ जिथल्या तिथे. एप्रिलमध्ये घाटाच्या कामाचं पहिलं बिल निघेल, तेव्हा निव्वळ हलायला लागेल.